देशांची हवामान-वचनं आणि त्यांचा हिशेब : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हवामान परिषद जवळ आली की एकाच आठवड्यात दोन मथळे वाचायला मिळतात. एक म्हणतो, भारताने आपलं लक्ष्य पाच वर्षं आधीच गाठलं. दुसरा म्हणतो, भारताची कामगिरी अत्यंत अपुरी. गंमत म्हणजे दोन्ही बातम्यांमागचे आकडे बहुतेक वेळा खरे असतात. मग फरक पडतो कुठे? आकडा कशाचा आहे, तो कुणी मोजला आणि कशाने भागला, इथे. या पानावर भारताचं उदाहरण समोर ठेवून हा हिशेब उलगडला आहे. इतर देशांची नावं गरज पडेल तिथे येतील.

पॅरिस करारात देशांनी नेमकं काय कबूल केलं?

१२ डिसेंबर २०१५ ला झालेल्या आणि ४ नोव्हेंबर २०१६ पासून लागू असलेल्या या कराराची गोम अशी, की प्रत्येक देश आपलं लक्ष्य स्वतः ठरवतो. त्याला राष्ट्रीय निर्धारित योगदान, म्हणजेच एनडीसी, म्हणतात. हे लक्ष्य गाठलंच पाहिजे असं कायदेशीर बंधन नाही. बंधन आहे ते तीन गोष्टींचं: लक्ष्य जाहीर करणं, दर पाच वर्षांनी ते नव्याने मांडणं आणि वाटचालीचा हिशेब देणं. नवं लक्ष्य आधीच्यापेक्षा वरचढ असावं, अशी अपेक्षाही करारात लिहिलेली आहे.

दंडाची सोय का नाही, असं लोक विचारतात. ती आधी होती. पॅरिसच्या आधीच्या क्योटो हवामान करारात लक्ष्य चुकलं, तर तुटीवर तीस टक्के चढवून ती पुढच्या टप्प्यात भरून द्यायची, असा नियम होता. कॅनडाचं लक्ष्य हुकणार हे स्पष्ट दिसू लागलं आणि डिसेंबर २०११ मध्ये त्या देशाने क्योटोतूनच बाहेर पडत असल्याचं जाहीर केलं. पॅरिसमध्ये हा धडा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होता. शिक्षेची जागा हिशेबाच्या सक्तीने घेतली ती त्यामुळे. म्हणूनच पारदर्शकतेचं तेरावं कलम मला या कराराचा कणा वाटतं. ते ढिलं पडलं, तर मागे भाषणांपलीकडे फारसं काही उरत नाही.

भारताने काय वचन दिलं आहे?

दोन वेगळ्या याद्या आहेत आणि त्यांची सरमिसळ सर्रास होते.

पहिली यादी अधिकृत. २ ऑक्टोबर २०१५ ला भारताने तीन मोजता येतील अशी लक्ष्यं दिली. २००५ च्या तुलनेत २०३० पर्यंत सकल देशांतर्गत उत्पादनाची उत्सर्जन तीव्रता, म्हणजे उत्पादनाच्या दर रुपयामागचं उत्सर्जन, ३३ ते ३५ टक्क्यांनी कमी करायची, वीजनिर्मितीच्या स्थापित क्षमतेत बिगर-जीवाश्म (कोळसा, तेल, वायू सोडून इतर) स्रोतांचा वाटा ४० टक्क्यांवर न्यायचा, आणि झाडझाडोऱ्यातून अडीच ते तीन अब्ज टन कार्बन डायऑक्साइडइतका जादा साठा तयार करायचा. ऑगस्ट २०२२ मध्ये पहिली दोन लक्ष्यं वाढून ४५ आणि ५० टक्के झाली. तिसरं होतं तसंच राहिलं.

दुसरी यादी नोव्हेंबर २०२१ मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत पंतप्रधानांनी केलेल्या भाषणातली, 'पंचामृत' नावाने गाजलेली: ५०० गिगावॉट बिगर-जीवाश्म क्षमता, गरजेची निम्मी ऊर्जा नवीकरणीय स्रोतांतून, एक अब्ज टन उत्सर्जनकपात, तीव्रतेत ४५ टक्के घट आणि २०७० पर्यंत नेट झिरो, म्हणजे जेवढं उत्सर्जन तेवढंच शोषण. आता २०२२ चा कागद शेजारी ठेवा. ५०० गिगावॉट आणि एक अब्ज टन त्याच्या लक्ष्यांत नाहीत. 'निम्मी ऊर्जा' या शब्दांच्या जागी 'निम्मी स्थापित वीजक्षमता' आली आहे. ऊर्जेत पेट्रोल, डिझेल, स्वयंपाकाचा गॅस, भट्ट्यांतला कोळसा असं सगळं येतं, तर स्थापित वीजक्षमता हा त्यातला एक कोपरा. हिशेब द्यायचा तो अधिकृत यादीचा. भाषणातल्या आकड्यांवरून सरकारला जाब विचारावा, जरूर विचारावा, पण तो संयुक्त राष्ट्रांच्या कचेरीत नव्हे, संसदेत विचारावा लागेल.

हिशेब द्यायचा म्हणजे काय करायचं?

दर दोन वर्षांनी एक अहवाल सादर करायचा. त्याचं नाव द्वैवार्षिक पारदर्शकता अहवाल, बोलीत बीटीआर. नियमावली २०१८ मध्ये पोलंडमधल्या कातोवित्से इथे ठरली, तक्त्यांचे समान नमुने २०२१ मध्ये ग्लासगोत ठरले आणि पहिल्या अहवालाची मुदत होती ३१ डिसेंबर २०२४. अहवालात देशाची हरितगृह वायूंची यादी असते, आपल्याच लक्ष्याच्या दिशेने कुठवर आलो हे असतं, आणि श्रीमंत देशांनी किती पैसा व तंत्रज्ञान दिलं तेही असतं. विकसनशील देशांनी आपल्याला काय मिळालं ते सांगावं अशी अपेक्षा आहे. अल्पविकसित देशांना आणि छोट्या बेटांना वेळापत्रकात सूट आहे.

मुदतीपर्यंत सगळ्यांचे अहवाल आले नाहीत. २०२५ च्या मध्यापर्यंत शंभरच्या वर देशांचे आले होते. करारातल्या देशांची संख्या १९५ च्या घरातली, म्हणजे साधारण निम्मे.

याआधी काहीच व्यवस्था नव्हती का?

होती, पण दोन पंगतींची. १९९२ च्या मूळ हवामान कराराने श्रीमंत देशांकडून दरवर्षी सविस्तर वायुयादी मागितली. बाकीच्यांनी जमेल तेव्हा 'राष्ट्रीय निवेदन' द्यायचं. २०१० मधल्या कान्कुनच्या बैठकीनंतर विकसनशील देशांसाठी द्वैवार्षिक अद्ययावत अहवाल आले. भारताने राष्ट्रीय निवेदनं २००४, २०१२ आणि २०२३ मध्ये दिली, आणि द्वैवार्षिक अद्ययावत अहवाल २०१६, २०१८, २०२१ आणि २०२४ मध्ये. चौथा अहवाल ३० डिसेंबर २०२४ ला पोचला. हा जुन्या पद्धतीचा अहवाल आहे, बीटीआर नव्हे. बातम्यांत दोन्हींचा घोळ होतो, म्हणून मुद्दाम सांगितलं.

देशभराचं उत्सर्जन मोजतात तरी कसं? प्रत्येक धुराड्यावर मीटर असतो का?

नसतो. बहुतेक आकडा गुणाकारातून येतो. किती कोळसा जळला, किती सिमेंट बनलं, किती म्हशी आहेत, किती हेक्टरवर पाणी भरून भात लावला, ही झाली कामाची आकडेवारी. तिला 'दर टनामागे किंवा दर जनावरामागे इतका वायू' या गुणकाने गुणायचं. आंतरसरकारी हवामान समितीच्या, म्हणजे आयपीसीसीच्या, २००६ च्या मार्गदर्शिकेत याच्या तीन पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीवर जगाची सरासरी वापरतात, दुसरीवर त्या देशाचा स्वतःचा गुणक, तिसरीवर प्रत्यक्ष मोजमाप किंवा बारकाईचं प्रतिमान.

भारताच्या यादीमागे बऱ्याच संस्था राबतात. कोळशाचे गुणक धनबादची खाण व इंधन संशोधन संस्था काढते, जंगलाचा हिशेब देहरादूनचं भारतीय वन सर्वेक्षण देतं, भातशेतीचा दिल्लीची भारतीय कृषी संशोधन संस्था. कचरा आणि सांडपाण्याचं काम नागपूरच्या नीरीकडे असतं. आपल्याकडची कृश गाय आणि हॉलंडची धष्टपुष्ट गाय यांच्या पोटातून सारखाच मिथेन निघत नाही, त्यामुळे स्वतःचे गुणक काढणं रास्तच आहे. फक्त ते कसे काढले हे उघड असायला हवं, म्हणजे दुसऱ्या कुणाला तेच गणित करून त्याच उत्तराला पोचता येईल. पारदर्शकतेची साधी कसोटी मी तरी एवढीच मानतो.

उत्सर्जन तीव्रता २००५ ते २०२० मध्ये ३६ टक्क्यांनी घटली म्हणजे भारताचं प्रदूषण ३६ टक्क्यांनी कमी झालं ना?

नाही. हा सर्वांत जास्त वेळा होणारा गैरसमज आहे.

तीव्रता म्हणजे एकूण उत्सर्जन भागिले सकल उत्पादन. छेद वेगाने वाढला की अंश वाढत असतानाही उत्तर घटतं. भारताचेच आकडे घेऊ. जमीन आणि जंगल वगळता २०१० चं उत्सर्जन २१३.७ कोटी टन कार्बन डायऑक्साइडच्या तोडीचं होतं. २०१४ मध्ये ते २६०.७ कोटी झालं, २०१६ मध्ये २८३.९ कोटी आणि २०१९ मध्ये ३१३.२ कोटी. नऊ वर्षांत जवळजवळ ४७ टक्के वाढ. याच काळात तीव्रता मात्र उतरत गेली आणि २००५ ते २०१९ मधली घट ३३ टक्के भरली. दोन्ही विधानं बरोबर आहेत.

आता २०२० चा आकडा पाहा: २९५.९ कोटी टन. जंगलांनी शोषलेला भाग वजा केला तर २४३.७ कोटी. आधीच्या वर्षापेक्षा ७.९३ टक्के कमी. चौथ्या अहवालातला हा आकडा खूप मिरवला गेला. पण २०२० म्हणजे टाळेबंदीचं वर्ष. रेल्वे उभ्या, कारखाने बंद, रस्ते ओस. ती घट धोरणाच्या खात्यावर किती आणि करोनाच्या खात्यावर किती, हे त्या एका वर्षावरून कळणं शक्य नाही. शिवाय २०२४ च्या अखेरीस आलेल्या अहवालात ताजं वर्ष २०२०, आणि २०२१ च्या फेब्रुवारीत आलेल्या अहवालात २०१६. चार-चार वर्षं जुना आरसा. नव्या नियमांत ही मागासलेपणाची मर्यादा दोन वर्षांची आहे, विकसनशील देशांना गरज वाटल्यास तीन.

तीव्रतेचं लक्ष्य ठेवण्यात लबाडी आहे, असं मात्र मी म्हणणार नाही. दरडोई उत्सर्जन जगाच्या सरासरीपेक्षा बरंच कमी असलेल्या देशाने वाढीसाठी जागा ठेवली, तर त्यात गैर काय? एवढंच, की तीव्रतेची घट ही एकूण घट म्हणून विकू नये.

निम्मी वीज स्वच्छ झाली, हे खरं का?

निम्मी क्षमता झाली. ३० जून २०२५ ला देशाची स्थापित क्षमता ४८४.८ गिगावॉट होती आणि त्यात बिगर-जीवाश्म २४२.८ गिगावॉट, म्हणजे ५०.०८ टक्के. २०३० चं लक्ष्य पाच वर्षं आधी गाठलं. हे कौतुकाचं आहे यात वाद नाही. या आकड्यात सौर आणि पवनऊर्जेबरोबर मोठी धरणं आणि अणुवीजही मोजलेली आहे.

घरात येणारी वीज मात्र क्षमतेने मोजत नाहीत, युनिटने मोजतात. एक मेगावॉटचा सौर प्रकल्प वर्षाला साधारण सतरा-अठरा लाख युनिट देतो, कारण सूर्य रात्री नसतो आणि पावसाळ्यात झाकोळलेला असतो. एक मेगावॉटचा कोळसा संच सत्तर टक्क्यांच्या आसपास चालला तर साठ लाख युनिट देतो. त्यामुळे निम्म्या क्षमतेच्या मथळ्यानंतरही तयार होणाऱ्या विजेत कोळशाचा वाटा सत्तर टक्क्यांच्या आसपासच राहिला. केंद्रीय विद्युत प्राधिकरण ग्रीडमधल्या विजेचा उत्सर्जन-गुणक दरवर्षी प्रसिद्ध करतं. तो युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइडच्या जवळपास रेंगाळतो आहे. मला एकच आकडा निवडायला सांगितला, तर मी क्षमतेची टक्केवारी सोडून हा निवडेन. तो हलला की खरंच काही हललं.

जंगलांचा साठा वाढला म्हणतात. आमच्या डोळ्यांना तर तोडच दिसते.

दोन्ही एकाच वेळी होऊ शकतं, कारण उत्तर 'जंगल' कशाला म्हणायचं यात दडलं आहे. भारतीय वन सर्वेक्षणाच्या व्याख्येत एक हेक्टर किंवा जास्त जागेवर झाडांच्या शेंड्यांची छाया किमान दहा टक्के असली, की ते वनाच्छादन. जमीन कुणाची, झाड कुठलं, कायद्याने ती वनजमीन आहे की नाही, याचा संबंध नाही. म्हणजे रत्नागिरीतली हापूसची बाग, वेंगुर्ल्याची काजूची लागवड, सिंधुदुर्गातलं रबर, गोव्यातली माडांची रांग, हे सगळं उपग्रहाला हिरवंच दिसतं आणि वनाच्छादनात बसू शकतं. जुनं सह्याद्रीतलं रान तुटलं आणि दुसऱ्या तालुक्यात कलमं उभी राहिली, तर क्षेत्रफळाच्या रकान्यात बेरीज-वजाबाकी होऊन प्रश्न मिटतो. रानातल्या शेकरूला ते पटणार नाही, पण तक्त्यात शेकरूचा रकाना नाही.

वन सर्वेक्षणाच्या डिसेंबर २०२४ मध्ये आलेल्या अहवालात वन आणि वृक्षाच्छादन मिळून देशाच्या भूभागाच्या २५.१७ टक्के दाखवलं आहे, त्यात वनाच्छादन २१.७६ टक्के. २००५ पासून २०२१ पर्यंत २.२९ अब्ज टनांचा जादा साठा झाल्याचं भारताने कळवलं. लक्ष्य अडीच ते तीन अब्ज, म्हणजे अगदी जवळ. प्रत्येक बागेतही कार्बन साठतोच, त्यामुळे हा आकडा खोटा म्हणता येत नाही. पण नैसर्गिक जंगलात किती साठला आणि लागवडीत किती, हे वेगळं काढून दाखवलं तर वाचणाऱ्याची शंका फिटेल.

एकाच मिथेनचा आकडा दोन ठिकाणी वेगळा का दिसतो?

सगळे वायू कार्बन डायऑक्साइडच्या तोडीत बदलून मांडतात आणि बदलाचा दर विज्ञानाबरोबर सुधारत जातो. पूर्वी एक टन मिथेन म्हणजे २१ टन धरत, आता नव्या नियमाने २८ धरायचे. भारताच्या तिसऱ्या द्वैवार्षिक अहवालात जुना दर होता. त्यात २०१६ चं मिथेन सुमारे ४१ कोटी टनांच्या तोडीचं दिसतं. तेवढाच वायू नव्या दराने सुमारे ५४.६ कोटी होतो. गाई-म्हशी त्याच, भातखाचरं तीच. उलट नायट्रस ऑक्साइडचा दर ३१० वरून २६५ वर उतरला आहे, म्हणून तिथे आकडा घटतो. दोन अहवालांची तुलना करण्याआधी हा दर तपासणं ही पहिली पायरी. अनेक तज्ज्ञ लेखांतही ती गाळलेली दिसते.

हे अहवाल तपासतं कोण?

संयुक्त राष्ट्रांच्या यादीवरच्या तज्ज्ञांचं पथक तपासतं. ज्या देशाचा अहवाल, त्या देशाचा तज्ज्ञ त्या पथकात नसतो. पथक रकाने पुरे भरलेत का, गणित मांडलेल्या पद्धतीशी जुळतं का, मागच्या अहवालाशी सांधा लागतो का, हे पाहतं आणि सुधारणा सुचवतं. 'तुमचं लक्ष्यच तोकडं आहे' असं म्हणायची त्याला मुभा नाही. एखाद्या विकसनशील देशाने अहवालाच्या नियमांत सवलत घेतली, तर तिची खरंच गरज होती का, हेही विचारता येत नाही.

त्यानंतर खुली प्रश्नोत्तरं होतात. इतर देश आधी लेखी प्रश्न पाठवू शकतात, मग त्या देशाचे प्रतिनिधी सगळ्यांसमोर उत्तरं देतात. नव्या पद्धतीतली अशी पहिली सत्रं जून २०२५ मध्ये जर्मनीत बॉनला झाली. भाषा इतकी मुलायम असते, की दहा मिनिटांत डुलकी लागावी. पण एखादा छोटा देश मोठ्याला 'अमुक आकडा मागच्या वेळेपेक्षा का बदलला?' असं नोंदीवर विचारतो, तेव्हा पुढच्या अहवालात त्या जागी खुलासा लिहावाच लागतो.

अहवाल दिलाच नाही किंवा खोटा दिला तर?

पंधराव्या कलमाखाली बारा सदस्यांची एक समिती आहे. तिचं काम मदतीच्या सुरात चालवायचं आणि शिक्षा करायची नाही, हे करारातच लिहिलं आहे. अहवाल आला नाही तर ती त्या देशाशी बोलते, अडचण विचारते, फार तर नोंद घेते.

अमेरिकेचं उदाहरण बोलकं आहे. १९९२ च्या जुन्या करारानुसार तिची वार्षिक वायुयादी १५ एप्रिलपर्यंत यायला हवी. २०२५ मध्ये ती आली नाही. यादी तयार होती, प्रसिद्ध केली गेली नव्हती. तिथल्या एका पर्यावरण संस्थेने माहितीच्या अधिकाराच्या कायद्याखाली ती मिळवली आणि लोकांसमोर ठेवली. जागतिक यंत्रणा यात काहीही करू शकली नाही. देशातला माहितीचा कायदा आणि त्याचा वापर करणारे लोक कामी आले.

विकसनशील देशांना सवलती म्हणजे पळवाट नाही का?

काही अंशी आहे, बरीचशी गरज आहे. सात वायूंऐवजी निदान तीन मोजा, अनिश्चितता आकड्यात न देता शब्दांत सांगा, अशा त्या सवलती आहेत. कुठे आणि का घेतली आणि कधीपर्यंत सोडणार, हे मात्र लिहून द्यावं लागतं. ज्या देशात जनगणना वेळेवर होत नाही तिथे म्हशींची अचूक गणना कुठून येणार?

उपग्रह असताना सरकारी आकड्यांवर विसंबायचं कशाला?

उपग्रह सरकारी आकड्याला जोड देतात, पर्याय नाहीत. मिथेनसारख्या वायूचा मोठा झोत त्यांना वरून दिसतो. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने ब्युनोस आयरेस, दिल्ली, लाहोर आणि मुंबई या चार शहरांवरचा मिथेन तपासला. शहरांचं उत्सर्जन प्रचलित अंदाजांपेक्षा १.४ ते २.६ पट निघालं. मुंबईत कांजूरमार्गच्या कचराभूमीवरून तासाला सुमारे दहा टन मिथेन निघत असल्याचा अंदाज त्यात आहे. गुणाकाराने काढलेला कचऱ्याचा आकडा आणि प्रत्यक्ष हवा यांत किती अंतर पडू शकतं, ते इथे दिसतं.

दुसरं अंतर याहून मोठं आहे. २०२१ मध्ये वॉशिंग्टन पोस्टने देशांचे अहवाल एकत्र मांडले, तेव्हा देशांनी कळवलेली बेरीज आणि वातावरणाचे स्वतंत्र अंदाज यांत वर्षाला ८.५ ते १३.३ अब्ज टनांचा फरक निघाला. यातला सगळा फरक चोरीचा नव्हे. मोठा भाग जमिनीच्या व्याख्येतून येतो. माणसाच्या देखरेखीखाली आहे असं देश म्हणतो, त्या जंगलाने आपोआप शोषलेला कार्बनही त्याच्या जमेच्या बाजूला पडतो. शास्त्रज्ञांची प्रतिमानं मात्र तोच कार्बन निसर्गाच्या खात्यात टाकतात. वातावरण कुठलंच खातं मानत नाही, ही अडचण आहे.

श्रीमंत देशांनी कबूल केलेल्या पैशाचा हिशेब कोण ठेवतं?

इथे पारदर्शकता सर्वांत कमजोर आहे आणि याबद्दल ओरड सर्वांत कमी होते.

२००९ मध्ये कोपनहेगनला श्रीमंत देशांनी २०२० पर्यंत वर्षाला १०० अब्ज डॉलर देण्याचं कबूल केलं. हवामान-निधी म्हणजे काय, याची सर्वमान्य व्याख्या मात्र कधीच झाली नाही. परिणाम पाहा. पॅरिस परिषदेच्या तोंडावर ओईसीडी या श्रीमंत देशांच्या संघटनेने २०१३ आणि २०१४ ची सरासरी ५७ अब्ज डॉलर सांगितली. भारताच्या अर्थ मंत्रालयाने त्यावर टिपण काढून म्हटलं की खरोखर हातात पडलेला पैसा २.२ अब्ज आहे. पंचवीसपटींहून मोठी तफावत. एकीकडे कबूल झालेली कर्जं पूर्ण किमतीने धरली होती आणि दुसरीकडे फक्त खास हवामान-निधींतून वाटलेली रक्कम. माझ्या मते ५७ फुगवलेले होते आणि २.२ आकसलेले.

हाच खेळ पुढेही चालू राहिला. ओईसीडीच्या मते २०२२ मध्ये ११५.९ अब्ज डॉलर दिले गेले. ऑक्सफॅम या मदतसंस्थेने कर्जाचं खरं मोल धरून तोच आकडा २८ ते ३५ अब्जांवर आणला. परत फेडायचं कर्ज मदतीच्या रकान्यात पूर्ण रकमेने दाखवायचं, ही सवय सावकाराला शोभेल. २०२४ मध्ये बाकूच्या हवामान परिषदेत २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्जांचं नवं लक्ष्य ठरलं, तेव्हा भारताच्या प्रतिनिधीने भर सभेत त्याला दृष्टिभ्रम म्हटलं होतं. नव्या अहवालांच्या तक्त्यांत अनुदान किती आणि कर्ज किती हे वेगळं दाखवायचे रकाने आहेत. ते नीट भरले गेले तर हा वाद निदान आकड्यांवर होईल.

महाराष्ट्राचा वेगळा हिशेब असतो का?

पॅरिस करारात नसतो. करार देशांचा आहे. राज्यांना हवामान कृती आराखडे आहेत, पण ठरावीक मुदतीने वायुयादी देण्याची सक्ती नाही. राज्यवार अंदाज काही संशोधन संस्थांनी मिळून चालवलेल्या 'जीएचजी प्लॅटफॉर्म इंडिया' या उपक्रमात सापडतात.

मुंबईने आपणहून पाऊल टाकलं. मार्च २०२२ च्या मुंबई हवामान कृती आराखड्यात शहराचं २०१९ चं उत्सर्जन २.३४ कोटी टन दिलं आहे. त्यातलं ७२ टक्के ऊर्जेतून. २०५० पर्यंत नेट झिरोचं लक्ष्य आहे, देशाच्या वीस वर्षं आधी. जून २०२४ मध्ये महापालिकेने हवामान अर्थसंकल्पही काढला, भांडवली खर्चातला कुठला पैसा हवामानाच्या कामाला लागतो हे दाखवणारा. एक गोष्ट ध्यानात ठेवा. चंद्रपूरला कोळसा जळतो, वीज शेकडो किलोमीटर दूरच्या शहरात वापरली जाते. जळण्याच्या जागेवरून मोजलं तर आकडा चंद्रपूरचा, वापरावरून मोजलं तर त्या शहराचा. दोन याद्यांची बेरीज करायला गेलात तर तोच धूर दोनदा मोजला जाईल. आणि खोकला कुठल्याही पद्धतीत चंद्रपूरकरांचाच.

'क्लायमेट अॅक्शन ट्रॅकर' भारताला 'अत्यंत अपुरा' म्हणतो. हे पक्षपाती आहे का?

ते दोन संशोधन संस्थांचं स्वतंत्र मूल्यमापन आहे. ते तापमानवाढ १.५ अंशांत रोखण्याच्या मर्यादेशी आणि न्याय्य वाट्याशी तुलना करतं, देशाच्या स्वतःच्या वचनाशी नव्हे. न्याय्य वाटा म्हणजे किती, यावर मतभेद होणारच. म्हणून भारत आपलं लक्ष्य वेळेआधी गाठू शकतो आणि तरी तिथे नापास होऊ शकतो. सहज गाठता येईल असं लक्ष्य ठरवणं हाही हिशेबाचाच भाग आहे, असं मला ती श्रेणी पाहताना वाटतं.

मला स्वतः अहवाल वाचायचा आहे. सुरुवात कुठून करू?

संयुक्त राष्ट्रांच्या हवामान सचिवालयाच्या संकेतस्थळावर देशवार अहवाल कुणालाही मोफत उतरवून घेता येतात. भारताचा अहवाल इंग्रजीत असतो आणि जाडजूड असतो, पण सगळा वाचायची गरज नाही. आधी यादीचं ताजं वर्ष कुठलं ते पाहा. मग मिथेनला २१ धरलाय की २८. मग जमीन आणि जंगल धरून आणि वगळून असे दोन्ही एकूण आकडे शोधा आणि बातमीत कुठला वापरलाय ते ताडून पाहा. त्यानंतर मागचा अहवाल उघडा आणि त्याच जुन्या वर्षाचा आकडा दोन्हींत सारखा आहे का बघा. बदलला असेल तर कारण दिलेलं असायला हवं. दिलं नसेल तर पर्यावरण मंत्रालयाकडे माहिती अधिकाराचा अर्ज करता येतो. केंद्र सरकारच्या कार्यालयांसाठी त्याची फी दहा रुपये आहे.